लंगडी ओळ

नोएमीने बापाची ओळ वरच्या वर झेलली आणि तिच्यावरच तुटून पडली.

"डोंगर उतरताना ओळ लंगडली, म्हाताऱ्याला काठी द्या रे कुणीतरी!"

"हाण पोरी!" मागून कुणी ओरडले. अंगण हसून लोळायला लागले.

नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणाला डोन्या लुक्रेसियाच्या अंगणात बाप-लेकीचा हा गाण्यातला सामना दरवर्षी ठरलेला. पोर्तो रिकोच्या या डोंगरात तिच्या बापाच्या, डॉन सिप्रियानोच्या तोडीचा गवई नव्हता. तो डोंगराची बाजू घ्यायचा, ती समुद्राची. कडव्याला दहा ओळी, ओळीला आठ अक्षरे, सगळे उभ्या उभ्या रचायचे. समोरच्याचे एक अक्षर कमी पडले की ते चव्हाट्यावर मांडायचे, हा रिवाज. नोएमीने रिवाजच पाळला होता. पण हसू उसळले तेव्हा कुठे तिला उमगले, ओळ कुणाची होती ते. बापाची ओळ आजवर कधी कमी पडली नव्हती.

सिप्रियानोचा हात टोपीकडे गेला आणि तिथेच राहिला. कानशिले लाल झाली.

"जीभ घसरली," तो पुटपुटला. "होतं कधी कधी."

नोएमीला मेल्याहून मेल्यासारखे झाले. याच माणसाने तिला मांडीवर घेऊन शिकवले होते, "कागदावरचं विसर. तोंडात दोन शब्दांचे स्वर एकमेकांना भिडले, की त्यांचं मिळून एकच अक्षर होतं. आणि बोटांवर मोजशील तर तू गवई नव्हेस, वाणी. कानाने मोज."

तिच्या कडव्याच्या ओळी अजून बाकी होत्या. तिने लाटा गायल्या, कोळ्यांची जाळी गायली, आणि शेवटच्या ओळीत मुद्दाम एक अक्षर गिळले. घ्या बाबा, ती मनात म्हणाली, काढा उट्टं.

अंगणाला ते लगेच ऐकू आले. भात ढवळणाऱ्या बायकांनीसुद्धा माना वर केल्या. सगळे सिप्रियानोकडे बघू लागले. साथीला बसलेल्या मोन्चोने तारांवर सूर आणखी एकदा फिरवला आणि वाट बघितली.

सिप्रियानो हसला, छाती भरून श्वास घेतला आणि डोंगरातल्या संत्र्याच्या मोहरावर गायला लागला. सुरेख गायला. तिच्या ओळीचे त्याने नावही काढले नाही.

जीभ घसरली तेव्हा लोक हसले होते. कान गेला हे कळल्यावर कुणी हसेना. मोन्चो खाली मान घालून वाजवत राहिला. बापाला सावरायला गेली आणि तिनेच त्याला गावासमोर उघडे पाडले.

पाने वाढली गेली तसा सिप्रियानो तिच्याजवळ आला. तिच्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला,

"आज मी चुकलो, पोरीने पकडलं. बरं केलं. पण हिची एक तरी लंगडी ओळ दाखवा मला! आहे कुणाची टाप?"

जो तो आपापल्या ताटात बघू लागला.

"नाही हो, डॉन सिप्रियानो," लुक्रेसिया भात वाढता वाढता म्हणाली. "एकही नाही."

"बघ!" तो म्हणाला आणि त्याने लेकीची पाठ थोपटली.

नोएमीने ताट पुढे केले. वर बघायचे तिला धाडस झाले नाही.