ठिगळांची होडी

मित्रांनो, मी एक जुना, दमलेला दिवा आहे. माझा आकार मात्र कागदी होडीचा. एका शिवणयंत्राच्या वर, छताच्या हुकाला, मी बावन्न वर्षं टांगलेला आहे.

पुस्तकं बांधणाऱ्या एका मामांनी मला घडवलं. त्यांची भाची चिमणी वहीची पानं फाडून होड्या करायची. "अगं, अभ्यास उरलाय का वहीत, की सगळा वाहून गेला?" असं तिला चिडवत मामांनी कामातला जाड पांढरा कागद घेतला, भली मोठी होडी दुमडली आणि तिच्या पोटात बल्ब बसवला. मी पहिल्यांदा लागलो तेव्हा चिमणी टाळ्या पिटत घरभर नाचली. शेजारची मुलं मला बघायला यायची. तेवढं कौतुक पुन्हा कधी वाट्याला आलं नाही.

कागदच तो, फाटणारच. मामांनी घराला एकच शिकवलं होतं: फाटलं की खळ लावून वरून कागद चिकटवायचा. चिमणीच्या आईने तसंच केलं, पुढे चिमणीनेही. घडी विरली, लाव कागद. कोपरा उसवला, लाव कागद. कधी कॅलेंडरचा, कधी बुटांच्या खोक्यातला. जुना थर कुणी काढला नाही. मी जड होत गेलो आणि माझा उजेड कोऱ्या चहासारखा झाला.

चिमणी आता आजी आहे. जन्मभर तिने माझ्याखाली कपडे शिवले. गेल्या वर्षी तिला सुईत दोरा ओवता येईना. "डोळे गेले गं माझे," ती सुनेला म्हणाली, "यंत्र विकून टाकू." खरं काय ते मला ठाऊक होतं. पण मला तोंड कुठे आहे?

यंत्र घ्यायला एक शिंपी आला. नीट पारखायला त्याने ते गॅलरीतल्या उन्हात नेलं. "थांबा, दोरा घालून देते," चिमणी म्हणाली, आणि दोरा पहिल्या झटक्यात गेला.

"आजी, यंत्र राहू द्या, हे डोळेच विका मला!" शिंपी हसला.

सुनेने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "आई, आंधळा झालाय तो तुमचा लाडका दिवा. टाका बाई एकदाचा!"

"टाकते कशाला?" चिमणीने मला खाली उतरवलं. ओल्या फडक्याने एकेक थर भिजवून सोलला. आईने लावलेल्या तुकड्यापाशी तिचा हात बराच वेळ थांबला. मग तोही तिने सोलला.

शिंपी रिकाम्या हाताने गेला. चिमणी पुन्हा माझ्या लख्ख उजेडाखाली शिवते आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा. पण त्यांना त्यांचं काम करता येतंय ना, तेही बघत जा. मी आता फाटका आहे, वाऱ्याने माझ्या चिंध्या हलतात. फार दिवस टिकेन असं वाटत नाही. मी आणखी फाटलो, तर कुणी खळ कालवायला घेऊ नका, एवढंच मागणं आहे.