खणातला पट्टा

घड्याळजींच्या मानेचं दुखणं नऊ वर्षांचं, आणि ती नऊही वर्षं त्यांच्या बायकोच्या अंगठ्यांनी निभावून नेली होती. दुकान पुढच्या खोलीत, संसार मागच्या दोन खोल्यांत, मधे एक पडदा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून वाकलेले घड्याळजी संध्याकाळी आत आले, की ती गरम पाण्याची पिशवी मानेवर ठेवायची, डॉक्टरांनी शिकवलेले व्यायाम दहा-दहा मोजून करून घ्यायची, आणि मग खांद्याच्या कडेनं अंगठे फिरवायची. "हां, तिथंच," ते म्हणायचे. एवढ्यावर तिचा दिवस गोड व्हायचा. देव प्रत्येकाला कुठं ना कुठं मोठेपण देतोच. तिला ते त्या मानेत दिलं होतं.

मग नणंदबाई आल्या आणि त्यांनी पिशवीतून चुंबकाचा पट्टा काढला.

"आमच्या शेजारणीचा खांदा यानं सुटला," असं म्हणत त्यांनी तो भावाच्या मानेला स्वतःच्या हातानं बांधला. चार दिवस राहून त्या गेल्या, पट्टा राहिला.

डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "यानं दुखणं जातं असं काही सिद्ध झालेलं नाही. छातीत पेसमेकर वगैरे नाही ना? मग हौस असेल तर बांधा. पण व्यायाम आणि शेक सोडायचा नाही."

व्यायाम सुटला नाही, शेकही नाही. पण नाव कुणाचं झालं? आठवडा झाला नाही तोच घड्याळजी मान डावी-उजवी फिरवत म्हणाले, "ताईच्या पट्ट्यानं काय हलकं वाटतंय गं!"

"आणि माझे अंगठे शोभेचे होते वाटतं?"

"अगं, तेही आहेतच की."

तेही! नऊ वर्षांच्या सेवेला एक 'तेही'. तिच्या पोटात जो निखारा पडला, तो काही विझेना. पोळ्या लाटताना दिसायचा पट्टा, अंथरूण घालताना दिसायचा पट्टा. गळ्यात माळ घालावी तशा कौतुकानं ते तो बांधायचे.

मात्र एक नेम त्यांनी कसोशीनं पाळला होता. सकाळी पट्टा काढून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगायचा, मगच पडद्यापलीकडे जायचं. कारण घड्याळाच्या आत केसाएवढी बारीक स्प्रिंग असते. तिला चुंबक लागला की तिची वेटोळी एकमेकींना चिकटतात आणि घड्याळ सुसाट पळायला लागतं. त्यामुळे दुकानात चुंबकाला सक्त बंदी.

तिनं नेमका तोच विचार केला. जिथं चुंबकाला बंदी, तिथं चुंबक शोधायला कोण जाणार? एका दुपारी घड्याळजी वामकुक्षी घेत असताना तिनं पट्टा खिळ्यावरून काढला आणि कामाच्या टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या डब्यांच्या मागं सारला. वरच्याच खणात त्यांचे चिमटे होते, दुरुस्तीला आलेली घड्याळं होती. तिचं तिकडं लक्षच नव्हतं. मत्सराला एकच डोळा असतो, आणि तोही दुसऱ्याच्या ताटाकडे लागलेला.

घड्याळजींनी दोन दिवस घर पालथं घातलं. "धुण्यात गेला असेल," ती म्हणाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी नाद सोडला. संध्याकाळी तिच्या अंगठ्याखाली "हां, तिथंच" उमटलं, आणि ती इतकी सुखावली की दहा मोजायच्या जागी बारा मोजून बसली.

त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका वडिलांचं घड्याळ घेऊन परत आल्या. "अहो, दिवसाला वीस मिनिटं पुढं जातंय! दुसरी खेप आहे ही. हात थकला का तुमचा?"

बाई गेल्या. घड्याळजी स्वतःच्या बोटांकडे बघत बसले. मग त्यांनी लहानसं होकायंत्र काढून घड्याळावर धरलं. काटा गर्रकन फिरला. चिमट्यावर धरलं, तसाच. दुसऱ्या घड्याळावर, तिसऱ्या घड्याळावर, तेच.

"पट्ट्यानंच केलं हे," ते खिन्नपणे म्हणाले. "मी बांधून वावरलो, कुठंतरी चूक झाली असणार. ताईला सांगायला हवं, आणखी कुणाला देऊ नकोस म्हणून."

बायको पडद्याशी उभी होती. आता बघा, तिला हवं होतं ते आयतं चालून आलं होतं. पट्टा बदनाम, देणारी बदनाम. ती गप्प राहिली. नुसती गप्प नाही, कान टवकारून गप्प.

घड्याळजींनी फोन लावला आणि हातात काम होतं म्हणून स्पीकरवर ठेवला. नणंदबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "माझ्यामुळं तुझ्या हाताला नाव ठेवलं रे लोकांनी. मला आपलं वाटलं, आई गेल्यापासून तुझ्या मानेकडं बघायला कुणी नाही..."

"कुणी नाही?" पडदा फाटेल असा ओढून ती बाहेर आली. "कुणी नाही म्हणजे काय हो वन्सं? मी काय भिंत आहे? नऊ वर्षं कोण रगडतंय ही मान? तुमच्या पट्ट्यानं काही केलेलं नाही! तो मीच ठेवलाय या खणात!"

बोलून गेली, आणि मग आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं.

घड्याळजींनी वाकून खण ओढला. डबे बाजूला केले. पट्टा बाहेर काढताना त्याला एक स्क्रू, दोन पिना आणि टाचणी चिकटून आली.

"दुकानात?" ते एवढंच म्हणाले. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. "अगं, खरं सांगू? दर फोनला हा तुझ्या अंगठ्यांचं पुराण लावतो. ऐकून ऐकून माझा जळफळाट व्हायचा. वाटलं, आपलंही काहीतरी याच्या मानेवर असावं."

"माझं पुराण?" तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "मला तर कधी अक्षर नाही बोललात!"

"तुला काय सांगायचं? तू तर तिथंच असतेस," घड्याळजी म्हणाले. मग स्वर बदलून, "ते राहू दे. त्या बाईंना काय सांगू? हात थकला म्हणून गेल्यात त्या."

त्या दुपारी चुंबकपण उतरवायच्या छोट्या यंत्रासमोर दोघं बसली. ती एकेक हत्यार देत होती, ते उतरवून होकायंत्राला दाखवत होते. काटा हलेनासा झाला की पुढचं. मग स्प्रिंगा, घड्याळामागून घड्याळ, अकरा.

शिक्षिकाबाईंचं घड्याळ दोन दिवस तपासून झालं, तेव्हा घड्याळजी ते पोचवायला उठले. तिनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

बाईंनी दार उघडलं. तिनं घड्याळ पुढं केलं.

"हात अजिबात थकलेला नाही त्यांचा," ती म्हणाली. "चूक माझी होती. नणंदेवर जळून मी दुकानात चुंबक लपवला."

बाईंनी घड्याळ हातात घेतलं. मग दारातून बाजूला होत म्हणाल्या, "आत या. हे मला नीट, पहिल्यापासून ऐकायचंय."