मकबूल पेंटरचा आरसा

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो. खालचा कोपरा उडालेला, मागचा पारा ठिकठिकाणी सुटलेला. कळमनुरीत मकबूल पेंटरच्या दुकानात दाराजवळ भिंतीला टेकून उभा असतो. कितीतरी चेहरे माझ्यासमोर आले आणि गेले, पण एकही माझ्यात राहिला नाही. आमचा स्वभावच तसा आहे, कुणाचं काही ठेवून घ्यायचं नाही.

आधी मी एका सलूनमध्ये होतो. काय थाट होता तेव्हा माझा! लग्नाळू पोरं माझ्यासमोर भांग पाडायची, मान तिरकी करून स्वतःवरच खूश व्हायची आणि जाताना म्हणायची, "आरसा भारी आहे." भारी त्यांचं वय होतं, पण मीही उगाच फुगायचो. पुढे खुर्चीचा धक्का लागून माझा कोपरा उडाला. दिव्यांचा नवा आरसा आला आणि माझी रवानगी मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीआड झाली. कोंबड्या तेवढ्या येऊन माझ्यावर चोची मारून जायच्या.

तिथून मला मकबूलनं उचलून आणलं. पोटासाठी तो दुकानांच्या पाट्या रंगवतो, पण त्याचा जीव माणसांच्या चित्रांत. घरातलं माणूस गेलं की लोक फोटो घेऊन येतात आणि भिंतीवर लावायला मोठं रंगीत चित्र करून नेतात. चित्र काढताना तो मधूनच त्याच्याकडे पाठ करून माझ्यात बघतो. एकच चित्र बघून बघून डोळा सरावतो, चूक दिसेनाशी होते. माझ्यात डावं उजवीकडे जातं, तेच चित्र नवं वाटतं, आणि एखादा डोळा वर गेला असेल तर लगेच खटकतं.

गेल्या हिवाळ्यात डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरून पारुबाई आली. तिची याडी वारली होती. तांड्यावर आईला याडी म्हणतात. याडीचा हसरा असा एकच फोटो होता, पारुबाईच्या भाच्यानं, योगेशनं, मोबाईलवर काढलेला. मकबूलनं जीव ओतून चित्र केलं. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या, हसताना वर गेलेला एक गाल, ओढणीवर टाचलेले इवलेसे आरसे, ती माझीच धाकटी भावंडं, काही म्हणून सोडलं नाही. माझ्यात बघूनही त्याला काही खटकलं नाही. खटकणार कसं? याडीला त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

पारुबाई चित्र न्यायला आली. बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मकबूलभाई, ही माझी याडी न्हाई."

"काहून? फोटोशी बराबर जुळून राहिलंय की."

"जुळतंय. पर कोणी दुसरीच बाई वाटून राहिली. अन् आता फोटो बी तसाच वाटून राहिला." ती रडायला लागली. "वरीस बी झालं न्हाई, अन् मीच याडीचं तोंड इसरले का काय?"

मित्रांनो, लोकांचं रडणं मी फारसं मनावर घेत नाही. पण त्या दिवशी मला वाईट वाटलं. चित्र बिघडलं तर दुसरं काढता येतं, आईचा चेहराच आठवेनासा झाला तर तिनं तो कुठून आणायचा?

पदरानं डोळे पुसत ती जायला वळली आणि माझ्यासमोर आली. तिच्या मागे असलेलं चित्र माझ्यात दिसत होतं. ती जागच्या जागी थबकली.

"भाई, हिकडं या! हे पाहा, ही माझी याडी!"

मकबूल धावत आला. त्यानं एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "फोटो कसा काढला होता, ताई?"

"योगेशनं याडीला जवळ घेतलं, अन् मोबाईल दोघांच्या तोंडापुढं धरला."

मकबूलनं कपाळावर हात मारला. "तरीच! असा धरला की मोबाईल आरशावानी दावतो. काही मोबाईल फोटो बी तसाच उलटा ठेवतात. याडीचा डावा गाल वर जायचा, मी उजवा काढला. तुमी काही इसरल्या न्हाई, ताई."

पारुबाई खाली बसली आणि मोकळेपणानं रडली. मकबूलनं तिला पाणी दिलं आणि लगेच दुसरा कॅनव्हास ताणायला घेतला. फोटो त्यानं माझ्यासमोर टांगला आणि माझ्यात बघून नवं चित्र केलं. सलून सुटल्यापासून इतकं टक लावून माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. ते चित्र पारुबाई चादरीत गुंडाळून तांड्यावर घेऊन गेली. गुंडाळण्याआधी तिनं याडीच्या डाव्या गालावरून हात फिरवला.

मित्रांनो, माझं मागणं थोडकं आहे. आरसा पुसताना कोरडं फडकं घ्या, ओल पाझरून पारा सुटतो. आणि घरच्यांचे फोटो जरूर काढा, पण आधी ती माणसं नीट बघून घ्या. हसताना तुमच्या आईचा कोणता गाल वर जातो, ते आज घरी जाऊन बघा. ती कामात असेल, म्हणेल, "काय बघून राहिलं रे लेकरा?" म्हणू द्या.