नीलिमाच्या गुडघ्याची साक्ष

अंबरनाथच्या एका कारखान्याच्या महिला कबड्डी संघातल्या मुली चर्चचे पाळक धर्मराज साळवे यांना ‘फादर’ म्हणत. “अगं पोरींनो, फादर काय म्हणता? मला बायको आहे, तीन पोरं आहेत,” असं ते दर गुरुवारी सांगत आणि मुली दर गुरुवारी हसत. सराव संपला की ते मैदानाच्या कडेला बसायचे. कुणाचा बाप लग्नाची घाई करतोय, कुणाला सामन्याआधी अन्न जात नाही, सगळं ऐकून घ्यायचे. शेवटी प्रार्थना. हिंदू, बौद्ध, सगळ्याच मुली डोळे मिटून उभ्या राहत. मुलींनी सांगितलेलं मैदानाबाहेर न्यायचं नाही, अशी शपथच त्यांनी घेतली होती.

संघात ख्रिस्ती एकटी नीलिमा उजगरे, त्यांच्याच चर्चमधली. महाराष्ट्राकडून दोनदा खेळलेली, आणि कारखान्यातली नोकरीही कबड्डीच्याच जोरावर. फेब्रुवारीत तिचा डावा गुडघा मुरगळला. साळव्यांनी रविवारी सगळी मंडळी घेऊन तिच्यासाठी प्रार्थना केली. इथवर ठीक होतं. पण पुढच्या रविवारी त्यांना राहवलं नाही. भर उपासनेत म्हणाले, “नीलिमा, पुढे ये. देवानं तुझ्यासाठी काय केलं, साक्ष दे.”

शंभर माणसं माना वळवून बघत होती. तिच्या आईनं, कौसाबाईनं, तर आधीच डोळ्याला पदर लावला होता. पोरगी बोलणार तरी काय? “बरं वाटतंय,” म्हणाली.

झालं! संध्याकाळपर्यंत त्याचा चमत्कार झाला. साळव्यांनी तो उल्हासनगरच्या मेळाव्यात सांगितला, बदलापूरच्या शिरगावातल्या घरसभेत सांगितला. माणूस भला, पण ‘हालेलुया’चा गजर आपल्या बोलण्यावर उठलेला कुणाला नको असतो? पुढे प्रार्थनेला मंडळी गुडघे टेकायची तेव्हा नीलिमा मागच्या बाकाशी उभीच असायची. पोरीला जरा गर्व चढलाय, असं त्यांना वाटलं. शहाण्या माणसाला नाकासमोरचं दिसलं नाही.

सोमवारी निवडीचा सामना होता. त्यातून भारतीय संघाच्या शिबिरासाठी मुली घेणार होते. शनिवारी नीलिमा चर्चमागच्या खोलीत आली.

“पाळकसाहेब, गुडघा बरा नाही. कधीच नव्हता. गोळ्या खाऊन खेळते. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा पिळला तर जन्माची लंगडशील.”

साळव्यांच्या पायाखालची जमीन सरकली. “मग खेळू नकोस. मी सांगतो तुझ्या सरांना.”

“नाय! आमचं बोलणं बाहेर जाणार नाय, असं तुम्हीच म्हणालात ना? आता दुखतंय म्हटलं तर देव खोटा पडंल. आईनं लोकांना तोंड कसं दाखवायचं? तुमचं पण काय राहील?”

ती गेली. साळवे रविवारभर तळमळत राहिले. सांगावं तर शपथ मोडते, गप्प बसावं तर पोरीचा पाय जातो. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही त्यांनीच खणलेली. फार लाज वाटली त्यांना स्वतःची.

सोमवारी सकाळी मैदानावर त्यांना एक युक्ती सुचली. संघाला जमवून ते म्हणाले, “आज गुडघे टेकून प्रार्थना करू.” तिला टेकता येणार नाही, प्रशिक्षक रामभाऊंना आपोआप दिसेल, आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. पळवाटच ती.

मुली खाली बसल्या. नीलिमानं त्यांच्याकडे पाहिलं. तिला डाव कळला. दात आवळून, कपाळावर घाम फुटलेला असताना, तिनं एक गुडघा टेकला आणि मग डावाही टेकला.

साळवे प्रार्थना करत राहिले. आमेन म्हटलं की तिला उठावं लागणार, म्हणून ते खेळाडूंसाठी, पंचांसाठी, सुचेल त्याच्यासाठी मागत सुटले. पंचांनी शिट्टी मारली. शब्द संपले. “आमेन.”

मुली उठून लंगडी घालत अंग मोकळं करायला लागल्या. नीलिमा तशीच होती.

“ऊठ ना गं,” रामभाऊ ओरडले.

“माझी प्रार्थना संपली नाय, सर.” तिचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

साळवे तिच्याशेजारी मातीत बसले. हात पुढे केला, तिनं धरला नाही. मग ते रामभाऊंकडे वळून, साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं बोलले, “हिचा गुडघा कधीच बरा झाला नाही. हिनं फक्त बरं वाटतंय म्हटलं होतं. चमत्कार मी केला. गावोगाव मी सांगत फिरलो.”

सामना बघायला येऊन कडेला उभी असलेली कौसाबाई मटकन खाली बसली. रामभाऊंनी राखीव मुलीला, सखूला, हाक मारली.

“सांगितलंत ना शेवटी,” नीलिमा पुटपुटली. त्यात राग होता, आणि दुसरंही काही असेल, साळव्यांना कळलं नाही. तिनं त्यांच्या खांद्यावर हात टाकला, सगळा भार दिला आणि हळूहळू उठली.