दोन रांगांचा डाव

रोझाने शेवटचा पत्ता खालच्या रांगेत टेकवला आणि हात मागे घेतला. टेबलावर पाच-पाच पत्त्यांच्या दोन रांगा उघड्या पडल्या होत्या, मध्ये चिंचोक्यांचा ढीग. लॅन्सी आणि लॉईड, तिचे दोघे मुलगे, आपापले चार पत्ते छातीशी धरून बसलेले.

हा खेळ रोझाचा नवरा बॉस्को बोटीवरच्या नोकरीत शिकून आलेला. हातातले दोन पत्ते वरच्या रांगेशी जुळवायचे, दोन खालच्या. एक रांग जिंकली की अर्धा ढीग, दोन्ही मारल्या की सगळा. घरात वाद झाला की तो पत्तेच काढायचा. नाताळचं जेवण कोणाकडे, सणाला डुक्कर कोण आणणार, सगळं असंच ठरायचं. पण आता बॉस्को नव्हता, बाळकुमचं घर बिल्डरला रिकामं करून द्यायचं होतं, आणि आज ढिगात रोझा स्वतः होती. दोन्ही रांगा जिंकेल तो मम्मीला कायमची नेणार. एकेक जिंकली तर सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे.

ही अक्कल लॅन्सीची. जन्मदात्या आईला डावावर लावायचं म्हणजे कमालच झाली. पण नवरा गेल्यापासून रोझा कशालाच नाही म्हणत नव्हती. लॅन्सीचा कळव्याला मोठा फ्लॅट, लॉईडची मानपाड्याला बायको स्वीडल आणि पोरांसकट एकच खोली. तरी चर्चबाहेर विचारलं की दोघांचं उत्तर एकच, मम्मी माझ्याकडे येणार.

"दाखव," लॉईड म्हणाला.

लॅन्सीने दोन राजे टाकले. वरच्या रांगेत तिसरा राजा होताच.

"वरची तुझी," लॉईड म्हणाला. त्याने आपले चारही पत्ते उलगडले. खालच्या रांगेत राणी आणि पंजी होती, त्याच्याकडेही राणी आणि पंजी. दोन जोड्या.

लॅन्सी त्या जोड्यांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग हातातले उरलेले दोन पत्ते त्याने पालथेच गड्डीखाली सरकवले.

"खालची तू मारलीस. चल, अर्धं-अर्धं. मम्मी, आधी लॉईडकडे जा, मग बघू."

"चालेल ना, मम्मी?" लॉईड म्हणाला. "स्वीडलने तुझ्यासाठी खाट बघून ठेवलीय. जरा अडचण होईल, पण होईल."

रोझा पत्ते गोळा करायला लागली. गड्डी उचलताना खालचे दोन पत्ते तिच्या तळहाताशी आले. दोन अठ्ठ्या. खालच्या रांगेत तिसरी अठ्ठी तिच्यासमोरच होती, आणि तीन सारखे पत्ते दोन जोड्यांवर भारी. पोरगा तिला पूर्ण जिंकला होता आणि अर्धीच घेत होता.

तिने अठ्ठ्या कोणाला दाखवल्या नाहीत. सगळे पत्ते एकत्र करून पिसले. मग चिंचोक्यांचा अख्खा ढीग दोन्ही हातांनी लॉईडकडे लोटला.

"अगं, अर्धे लॅन्सीचे," लॉईड म्हणाला.

"चारही पत्ते उघडल्याशिवाय वाटा नाही. तुझ्या पप्पांचा नियम आहे, बाबा."

लॉईड गोंधळून भावाकडे बघायला लागला. त्याला वाटलं, आता हा भांडणार. लहानपणी एका चिंचोक्यासाठी घर डोक्यावर घ्यायचा.

लॅन्सी उठला, खुर्ची नीट आत सरकवली.

"मी तुझं सामान मानपाड्याला सोडतो, मम्मी," तो म्हणाला. "गाडी खालीच आहे."