गावाचा डोंगर

डोंगर सरकारचा होता तोवर तात्याबाला भीती होती ती एकट्या वनरक्षकाची. दसऱ्याला त्याला एक बोकड पोचवला की वर्षभर त्याला काही दिसायचं नाही. पण बोकड देताना तात्याबाचं काळीज जळायचं. म्हणून डोंगर गावाच्या ताब्यात मागायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत जास्त पायपीट या शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्यानेच केली. अंबाजोगाईच्या कचेरीत खेटे त्याने घातले, साहेबांना हद्दीचे दगड त्याने दाखवले. वीस म्हशींच्या मालकाने, बबनरावांनी, फक्त सह्या केल्या.

डोंगर मिळाला आणि तो सांभाळायला नेमलेल्या समितीचे अध्यक्ष अर्थातच बबनराव झाले. पहिल्याच ग्रामसभेत ठराव आला: डोंगरावर चराईबंदी, ज्याला गवत हवं त्याने कापून न्यावं. म्हशींना गोठ्यात गवत टाकायला बबनरावांकडे गडी होते. तीस शेळ्यांचं गवत दोन म्हाताऱ्या जिवांनी कसं कापायचं, हे कुणी विचारलं नाही. तात्याबाने तर हात वर केला. बंदी नांदूरघाटाकडून येणाऱ्या परक्या मेंढरांना असणार, अशी त्या भोळ्याची समजूत! गाव म्हणजे आपणही, असं तो धरून चालला होता.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको चतुराबाई शेळ्या घेऊन डोंगर चढली. समितीची माणसं धावली, पण शेळ्या कड्यावर जाऊन बसल्या. बबनरावांनी तात्याबाला बोलावून घेतलं.

"हाक मार त्यायला."

"मालक, माज्याच हायत ओ."

"म्हणून तर. ठरावाला तुजा बी हात व्हता. न्हाईतर कुत्री सोडतो."

निम्म्या शेळ्या गाभण होत्या. तात्याबाने हाक मारली. तिसाच्या तीस खाली उतरल्या, त्याच्या मागोमाग गावातून चालत कोंडवाड्यात शिरल्या. दार लागलं.

"पुन्हा डोंगरावर न्हाई आणणार, असं लिहून दे, सोडतो," बबनराव म्हणाले.

"मग चारू कुटं?"

"इकून टाक की."

तात्याबा दाराशी गयावया करत राहिला. त्याचा शब्द ऐकला की आतल्या शेळ्या ओरडत दारावर येऊन आदळत होत्या. चतुराबाईने त्याचा दंड धरला.

"गप ऱ्हा आता," ती म्हणाली. "तुमचा आवाज ऐकून त्यायला वाटतंय, तुमी सोडवायला आलाव."