शेवटी हात धुणारी

जवळ सरका बायांनो, लेकरांना मांडीवर घ्या. एका तसराळ्याची आणि त्यात बुडालेल्या मोठेपणाची गोष्ट सांगते.

चिल्वा तळ्याच्या वरच्या गावांत पटकीने माणसं दगावत होती. पाऊस लागला की ही साथ खाली आपल्याकडे उतरणार, हे एनेलेसला दिसत होतं. गेल्या साथीत तिची थोरली लेक गेली. आता धाकटी तियामिके तेवढी उरली होती.

त्या घरात जेवणाआधी हात धुवायला एकच तसराळं फिरायचं. आधी वायसनमामा, मग बाप्ये, मग बाया, शेवटी पोरंटोरं. पाणी तेच. आपल्यात बहिणींचं घर त्यांच्या भावाच्या, म्हणजे पोरांच्या मामाच्या शब्दावर चालतं, आणि या मामाचा शब्द म्हणजे रिकाम्या मडक्याचा खणखणाट.

"मामा, आतापासून पाणी उकळून ठेवू. हातावर मगाने ओतू."

"का गं? घरच्यांच्या हाताला विष लागलंय होय?" मामा खेकसला. "उद्या ताटातल्या मक्याच्या नसिमाच्या गोळ्यालाही साबण लावशील!"

मावश्या फिदीफिदी हसल्या. मामा बोलला की हसायचं, एवढीच त्यांची अक्कल.

"रविवारी प्रवचनात काय गायलं, मामा? 'थोर तोच, जो आधी वाकतो.' सगळ्यांत मोठं 'आमेन' कुणाचं होतं?"

"माझं! भिंती हादरल्या."

आमचे प्रवचनकार गायला लागले की दगडाला पाझर फुटतो. मामाला नुसता आवाज फुटतो.

"मग आज वाका. तसराळं पोरांपासून फिरवते. तुम्ही शेवटी."

आमेन म्हटलेल्या वचनाला नाही कसं म्हणणार? तियामिकेने मातीचे हात बुडवले. मग भावंडांनी, मग मासळी साफ करून आलेल्या मावश्यांनी, मग बाप्यांनी. मामापुढे आलं तेव्हा पाण्याचा गाळ झाला होता, वर खवले तरंगत होते.

मामाचा हात वरच अडला.

"घाला की," एनेलेस म्हणाली. "घरच्यांचेच हात आहेत. माझी थोरली रोज यातच धुवायची."

या वेळी कुणी हसलं नाही.

"तो ओतायचा मग आण," मामा म्हणाला.

"तुमच्यापुरता?"

"सगळ्यांना." भिंती काही हादरल्या नाहीत.

एनेलेसने तसराळं परसात उपडं केलं, चुलीवर पाणी उकळून निववलं, आणि पहिली धार तियामिकेच्या हातावर सोडली. जेवण गार झालं, होऊ दे.

आता मामा गावभर सांगतो, ही अक्कल माझी. सांगो बापडा. तुम्ही मात्र हातावर पाणी घ्याल तेव्हा त्या थोरलीला आठवा. अलिनाफे तिचं नाव. तिचा नंबर नेहमी शेवटचा असायचा.